लॅपटॉपचं सीमोल्लंघन

६ सप्टेंबर २०२५, शनिवार. संध्याकाळ

गणपती गेले. घर रिकामं वाटतंय. अशा वेळी माणसाने एखादं मोठं काम हाती घ्यावं. घेतलं.

घरच्या लॅपटॉपवर अजून विंडोज टेन आहे. १४ ऑक्टोबरनंतर विंडोज टेनला सुरक्षेचे नवे अपडेट मिळणार नाहीत. म्हणजे चोरांना दार उघडं. विंडोज इलेव्हन टाकायला हवं. एरवी सावकाश केलं असतं, पण चैत्रालीचं काम त्यावर अडलंय.

तिला इथल्या नोव्हेना भागातल्या एका क्लिनिकमध्ये नोकरी मिळतेय. पेशंटच्या अपॉइंटमेंट आणि रिपोर्ट सांभाळायचे, घरूनच, स्वतःच्या लॅपटॉपवर. पेशंटची माहिती म्हणजे नाजूक मामला. म्हणून त्यांची अट, लॅपटॉपवर नवीच सिस्टिम हवी. १३ ऑक्टोबरला ऑनलाइन तपासणी करणार. पास झाला तर काम हिचं. नाही तर रांगेतल्या दुसऱ्या बाईचं.

सिंगापूरला आल्यापासून नऊ वर्षं ती घरी आहे. पुण्यात तिच्या हाताखाली अख्खं डिपार्टमेंट होतं. हे ती कधी बोलून दाखवत नाही, पण आमच्या किचनमधल्या मोहरीच्या डब्यावरही तिने लिहून चिकटवलेली एक्सपायरी डेट असते.

नवा लॅपटॉप घेऊन टाकू या का, असं तिने विचारलं. मी हसलो. घरात आयटीवाला असताना दुकानात जाणं म्हणजे सुगरणीने बाहेरून डबा लावणं. दोन तासांचं काम आहे, असं सांगितलं. मी डिलिव्हरी मॅनेजर आहे. स्वतःच्या हाताने इन्स्टॉल असं २००६ नंतर काही केलेलं नाही, पण करवून घेतलंय भरपूर.

प्रोजेक्टचं नाव ठेवलं: गरुडझेप. स्टेटस: ग्रीन, म्हणजे सगळं आलबेल.

ही रोजनिशी मुद्दाम कागदावर. कागद हॅक होत नाही.

७ सप्टेंबर, रविवार. सकाळी ११

किक-ऑफ मीटिंग झाली. उपस्थिती: मी, चैत्राली (किचनमधून), जाई (हेडफोनसह). बत्तीस स्लाइड दाखवल्या. चौथ्या स्लाइडला कुकरची शिट्टी झाली आणि चैत्राली गेली. जाई शेवटपर्यंत बसली. नंतर कळलं, ती काहीतरी वेगळंच ऐकत होती.

तिने एकच प्रश्न विचारला. सेटिंगमध्ये अपडेटचं बटण आहे ना पा, जस्ट क्लिक लाह (इथल्या शाळेत प्रत्येक वाक्याला असं शेपूट लावतात). मी तिला चेंज मॅनेजमेंट म्हणजे काय ते समजावून सांगितलं. प्लॅन, रिस्क, रोलबॅक. तिने पुन्हा हेडफोन घातले. पंधरा वर्षांची आहे. या पिढीला क्लिक करायची फार घाई.

उद्या सुरू.

८ सप्टेंबर, सोमवार

सुरू नाही. पुण्याहून आईचा फोन. बोलता बोलता गरुडझेपचा विषय निघाला. आई म्हणाली, आजपासून पितृपक्ष, नवीन काही करायचं नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही. आईला शांतपणे सांगितलं की हे नवीन नव्हे, जुन्याचंच सुधारलेलं रूप आहे. आईने विचारलं, मग जुन्याचं काय होणार? म्हटलं, ते जाणार. आई म्हणाली, ऐन पितृपक्षात घालवतोस?

मी पुण्याच्या पावसाची चौकशी केली.

अर्थात मी मानत नाहीच. पण ऑफिसातही वर्षअखेरीला चेंज फ्रीज असतो. त्या काळात कोणी सिस्टिमला हात लावत नाही. आपल्या पूर्वजांनी ही पद्धत कधीच शोधून ठेवली होती, हे पाहून अभिमान वाटला. २१ तारखेपर्यंत फ्रीज जाहीर. चैत्रालीने तेरा ऑक्टोबरची आठवण करून दिली. म्हटलं, दोन तासांच्या कामाला तीन आठवडे मिळतायत.

१४ सप्टेंबर, रविवार

फ्रीजचा सदुपयोग म्हणून बॅकअप घ्यायला बसलो. जुनी हार्ड डिस्क सापडली. तिच्यात २०११ची महाबळेश्वर ट्रिप सापडली. माझ्या डोक्यावर काय केस होते! चैत्रालीला हाक मारून दाखवले. तिने केस पाहिले आणि बॅकअप कुठवर आला ते विचारलं.

कॉपी केलेल्या फाइल: शून्य. पण काय काय आहे त्याची कल्पना आली. स्टेटस: ग्रीन.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सुरक्षा म्हणजे केवळ सिस्टिम नव्हे, पासवर्डही. आपला पासवर्ड फारच सोपा होता (जाईचं नाव). बदलून भक्कम केला. चढते अंक, उलटे अंक, गोत्र, कुलदैवत, मध्ये दोन डॉलरची चिन्हं.

संध्या. ७

भक्कमच निघाला. मलाही उघडेना. चैत्रालीला एक फॉर्म भरायचा होता, तो तिने फोनवर भरला, डोळे बारीक करून. जाईने काहीतरी करून लॅपटॉप उघडला. नवा पासवर्ड जाईने ठेवला आहे आणि मला सांगितलेला नाही. पाहा, घरात सुरक्षेची जाणीव वाढतेय.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

फ्रीज उठला. ऑफिसात क्लायंट उठला आणि आमच्या मानगुटीवर बसला. शनिवारी नक्की.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज प्रत्यक्ष श्रीगणेशा. पासवर्ड दर वेळी जाई टाकून देते. लॅपटॉप नव्या सिस्टिमला चालतो की नाही ते तपासणारा प्रोग्राम चालवला. उत्तर आलं की चालत नाही. कारण: टीपीएम. चैत्रालीने टीपीएम म्हणजे काय ते विचारलं. म्हटलं, टोटल प्रोजेक्ट मॅनेजमेंट. आपल्याकडे ते आहे, त्यामुळे ही यंत्राची चूक आहे.

दुपारी नवरात्राचं सामान आणायला लिटिल इंडियात गेलो. झेंडूच्या रांगेत सारंग भेटला. सारंग म्हणजे इथल्या आमच्या मराठी मंडळातला दादरकर, एका बँकेत सायबर सिक्युरिटीत आहे आणि ते विसरू देत नाही. सहज विषय काढला. तो म्हणाला, टीपीएम ही सुरक्षेची चिप असते रे, बहुतेक तुझ्या लॅपटॉपमध्ये असेलच, नुसती बंद असेल, सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू कर. म्हटलं, ते मला माहीतच आहे, तुला माहीत आहे का पाहत होतो. उद्या येऊन करून देतो म्हणाला. नको म्हटलं. बाहेरचा माणूस म्हणजे थर्ड पार्टी रिस्क. शिवाय तो आला की जेवूनच जातो.

२८ सप्टेंबर, रविवार

सेटिंगमध्ये शिरलो. निळा पडदा, पांढरी अक्षरं, माउस चालत नाही. आत गेल्यावर एक गोष्ट बदलली. मग ती परत बदलली. मग नक्की कोणती बदलली होती ते विसरलो. लॅपटॉपचं घड्याळ २०१७ सालात गेलं. पंखा मोठ्याने फिरू लागला.

चैत्राली फोनवर लॅपटॉपच्या कंपनीचं मदतीचं पान वाचत मागे उभी होती. ती म्हणाली, सिक्युरिटीच्या पानावर तिसरी ओळ, तिथे एनेबल कर. मी तिथेच जाणार होतो. केलं. प्रोग्राम पुन्हा चालवला. हिरवी टिक! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बावीस वर्षांचा अनुभव वाया जात नाही.

चैत्राली म्हणाली, मग लगेच सुरू करून टाक ना. तिला कळत नाही. एका दिवसात दोन माइलस्टोन घेतले तर टीम थकते.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी. सकाळी १०

आज वर्क फ्रॉम होम. उद्या दसरा. आज अपग्रेड करायचं आणि उद्या विंडोज टेनची सीमा ओलांडायची! सीमोल्लंघन! ही कल्पना मला दात घासताना सुचली. मंडळाच्या ग्रुपवर टाकली. तीन अंगठे आले, त्यातला एक माझा.

सुरू केलं. पडद्यावर गोल फिरतंय. खाली लिहिलंय, कॉम्प्युटर बंद करू नका. कोण बंद करतंय?

दु. १२:१५

चाळीस टक्के. चैत्रालीने शेजारी चहा आणून ठेवला, न मागता. क्लिनिकच्या बाईंशी तिचं फोनवर बोलणं झालं, ती किती मोकळी हसत होती. बरं वाटलं. आपल्यामुळे घरात आनंद आहे.

दु. १:३०

त्रेसष्ट टक्क्यांवर आईचा व्हिडिओ कॉल आला. शस्त्रपूजा मांडली का? मांडली होती. पाटावर सुरी, सांडशी, विळी, जाईची टेनिसची रॅकेट आणि माझा स्क्रूड्रायव्हरचा सेट (२०१४पासून सीलबंद). आई म्हणाली, आणि तुझं शस्त्र कुठाय, ज्यावर पोट आहे ते? लॅपटॉप आणून पाटावर ठेवला. गोल फिरतच होतं.

आईने ते पाहिलं. म्हणाली, हे चालू का? खंडेनवमीला शस्त्र खाली ठेवायचं असतं, विश्रांती द्यायची असते, चालत्या शस्त्राची पूजा कसली करतोस. मी पडद्यावरची सूचना वाचून दाखवली. आई म्हणाली, यंत्राचं ऐकतोस आणि आईचं नाही.

पाच सेकंद बटण दाबून धरलं. शांत झालं.

पूजा यथासांग. हळद, ओलं कुंकू, अक्षता, झेंडू. वरच्या कडेला मधोमध एक छान गोल ठिपका होता, तिथेच कुंकू लावलं. अक्षता आईच्या सांगण्यावरून सढळ हाताने. चैत्राली बाजारातून आली आणि दारातच थांबली. तिने पाटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. म्हटलं, विश्रांती घेतोय.

स्टेटस: ग्रीन (विश्रांतीत).

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

आपट्याची पानं इथे मिळत नाहीत. जाईने सोनेरी कागदाची कापली. सोनं दिलं, घेतलं. मग लॅपटॉप सुरू केला.

काळा पडदा. त्यावर गोल. ते फिरतं, थांबतं, लॅपटॉप आपोआप बंद होतो, सुरू होतो, पुन्हा गोल. तासभर हे पाहिलं. लॅपटॉप विचार करतोय असं माझं मत. कोणतंही बटण दाबलं की आतून कुरकुर आवाज येतो. तांदूळ असावेत.

चैत्रालीने पडदा पाहिला आणि ताटं घेतली. श्रीखंड वाढलं, पुरी वाढली. ती ओरडते तेव्हा ठीक असतं. ती वाढते तेव्हा भीती वाटते.

४ ऑक्टोबर, शनिवार

सारंगला विचारायचं नाही असं ठरवलंय. इंटरनेटवर एक सपोर्टचा नंबर सापडला, फोन केला. पलीकडचा गृहस्थ फार सज्जन. माझ्या लॅपटॉपमध्ये हजारो व्हायरस आहेत असं त्याने पाहताक्षणी सांगितलं. लॅपटॉप पाहिला कुठे त्याने, हा प्रश्न मला नंतर पडला. दुरून आत येऊन साफ करतो म्हणाला. एक प्रोग्राम टाका, बँकेचं पानही उघडून ठेवा.

पण लॅपटॉप सुरूच होत नव्हता. त्याने पाऊण तास प्रयत्न केला. शेवटी तोच वैतागला आणि हिंदीत मला काहीतरी बोलून फोन आपटला.

म्हणजे हॅकर स्वतः हात टेकून गेला! इतका सुरक्षित लॅपटॉप आमच्या अख्ख्या बुकित तिमाह भागात नसेल. सुरक्षा हाच तर गरुडझेपचा उद्देश होता. हे चैत्रालीला सांगितलं. जाई मध्येच म्हणाली, पा, यू ऑलमोस्ट गॉट स्कॅम्ड आह! ऑलमोस्ट हा शब्द महत्त्वाचा.

५ ऑक्टोबर, रविवार

मूळ कारण शोधलं: अक्षता. त्या काढल्या की गाडी रुळावर. व्हॅक्यूम क्लीनर आणला, फुल पॉवरवर फिरवला. पाच-सहा तांदूळ निघाले. त्यांच्याबरोबर एंटरही गेलं.

दुपार व्हॅक्यूमच्या पिशवीत. धूळ, केस, झेंडूच्या पाकळ्या, जाईचं हरवलेलं कानातलं (तिला आनंद झाला, याचीही नोंद व्हावी). एंटर मिळालं. बसवलं. उलटं बसलं.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी

मंडळाचं मसाला दूध. सारंगच्या कॉन्डो सोसायटीत, पूलच्या कडेला. चंद्र ढगाआड. सारंगने सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, काय प्रबोधराव, सीमोल्लंघन कुठवर? म्हटलं, नव्वद टक्के. तो म्हणाला, आयटीत नव्वद टक्के म्हणजे अजून उघडलं नाही. सगळे हसले. मीही हसलो, विनोदबुद्धी दाखवायला.

मग चैत्रालीचं वल्लरीशी चाललेलं बोलणं ऐकू आलं. वल्लरी म्हणजे सारंगची बायको. चैत्राली सांगत होती की तिने क्लिनिकला तपासणी आठवडाभर पुढे ढकलता येईल का विचारलं. जमणार नाही म्हणाले, दुसरी उमेदवार तयार आहे. वल्लरीने विचारलं, मग? चैत्राली म्हणाली, बघू गं, नऊ वर्षं राहिले घरी, अजून राहीन.

ती हे हसून म्हणाली. मी दुधाचा पेला खाली ठेवला. वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. टॅक्सीत तिला सांगितलं की तुझं काम होणार म्हणजे होणार. ती खिडकीबाहेर बघत हूं म्हणाली.

७ ऑक्टोबर, मंगळवार

निश्चय:
१. शुक्रवारी पूर्ण दिवस रजा.
२. फोन बंद. आईचाही.
३. कोणाचाही सल्ला नाही.
४. पहाटे उठून सुरू.

स्टेटस प्रथमच अ‍ॅम्बर. म्हणजे पिवळा. रेड मी आयुष्यात कधी दाखवलेलं नाही. २०१९मध्ये एक अख्खा प्रोजेक्ट बंद पडला, तोही शेवटपर्यंत अ‍ॅम्बर होता.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. रात्री ८

रजा रद्द. क्लायंटचा सर्व्हर पडला आणि मी प्रत्यक्ष असणं गरजेचं होतं, कारण इतरांना काम करताना कोणीतरी विचारत राहावं लागतं, झालं का म्हणून.

घरी आलो तर टेबलावर लॅपटॉप नाही. चैत्राली म्हणाली, दिवाळीची आवराआवर चाललीय, आत ठेवलाय, आता जेवून घे. योग्यच. धूळ बसायला नको. उद्या शनिवार, उद्या धडक.

११ ऑक्टोबर, शनिवार

अंग दुखतंय. सर्व्हरचा ताण. दुपारी झोपलो तो संध्याकाळी उठलो. एक दिवस हातात आहे. मोठे खेळाडू शेवटच्या षटकातच खेळतात.

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ९

लॅपटॉप टेबलावर होता. आंघोळ करून बसलो. देवाचं नाव घेतलं. बटण दाबलं.

सुरू झाला!

नवं चित्र, खालची आयकॉन सगळी मधोमध, सगळं गोलगोल आणि गुळगुळीत. विंडोज इलेव्हन! किबोर्डची कुरकुर बंद. एंटरसुद्धा सुलटं! मी काहीही केलं नव्हतं. म्हणजे १ तारखेला जे केलं तेच आतल्या आत पूर्ण होत होतं. विश्रांतीत! आईला फोन केला. ती म्हणाली, पूजा फळाला आली. मला वाटतं त्यात माझ्या सेटिंगचा वाटा मोठा, पण आईच्या वयाला क्रेडिट द्यावं.

मंडळाच्या ग्रुपवर सविस्तर लिहिलं. घरच्या घरी, कोणाच्याही मदतीशिवाय. अभिनंदनांचा पाऊस. सारंगचा फक्त एक हसरा चेहरा, तोही डोळा मारणारा. मत्सर.

चैत्रालीला म्हटलं, बघ, तू उगाच काळजी करत होतीस. ती हरभऱ्याची डाळ निवडत होती. म्हणाली, हो ना. स्टेटस: ग्रीन, ग्रीन, ग्रीन.

१३ ऑक्टोबर, सोमवार

तपासणी सकाळी दहाला. मी ऑफिसला उशिरा गेलो, दाराआडून ऐकायला. क्लिनिकच्या बाईंनी दुरून सगळं पाहिलं. सिस्टिम बरोबर. अपडेट बरोबर. मग त्या म्हणाल्या, मॅडम, युअर फेस व्हेरी रेड, यू ओके ऑर नॉट? चैत्रालीने पडद्यावर पाहिलं, जवळ वाकली, ओढणीच्या टोकाने वरचा तो गोल ठिपका पुसला. तो कॅमेरा होता. म्हणाली, सॉरी, प्रेयर. बाई म्हणाल्या, ओह, नो प्रॉब्लेम, माय मदर ऑल्सो लाइक दॅट.

पास! परवापासून काम. चैत्राली उठली, जाईला घट्ट मिठी मारली आणि रडली. मग माझ्याकडे आली आणि माझ्या पाठीवर थोपटलं. मलाही रडू आलं. नऊ वर्षं मी तिला विचारलं नव्हतं की तुला घरी बसून कंटाळा येतो का. उत्तर ठाऊक असेल म्हणून विचारलं नसेल.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

विंडोज टेनचा शेवटचा दिवस. जगात लाखो लोक चिंतेत असतील. आपल्याकडे ज्ञान आहे ते वाटलं पाहिजे. मंडळाच्या ग्रुपवर जाहीर केलं: रविवारी १९ तारखेला मोफत अपग्रेड शिबिर. मार्गदर्शक: प्रबोध. लॅपटॉप आणि चार्जर घेऊन यावं. अर्ध्या तासात कितीतरी नावं आली. एवढ्या लोकांकडे जुनी सिस्टिम होती आणि कोणी बोलत नव्हतं!

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस

एमआरटीत (इथली मेट्रो) सारंग भेटला. शिबिराबद्दल विचारलं त्याने, गालातल्या गालात. मग सगळं सांगितलं. गेल्या शुक्रवारी तो लंच टाइमला एका रिपेअरच्या दुकानात गेला होता, तिथे चैत्राली बसली होती. दुकानदाराने लॅपटॉप उलटा करून झटकला तर मूठभर अक्षता पडल्या. त्याने विचारलं की ही कुठली नवी पद्धत. किबोर्ड साफ करून त्याने दिला, आणि नवी सिस्टिम चैत्रालीने तिथेच स्टुलावर बसून स्वतः टाकली, फोनवर पान वाचत, कॉफी पीत. सारंगने मदत देऊ केली. तिने नको म्हटलं. तिला करूनच बघायचं होतं.

सारंग नोव्हेनाला उतरून गेला. मी माझं स्टेशन चुकून दोन स्टेशनं पुढे गेलो, मग परत आलो.

विचार केला. गोष्ट साधी आहे. उत्तम मॅनेजर स्वतः काम करत नाही, योग्य व्यक्तीकडून घडवून आणतो. याला डेलिगेशन म्हणतात. माझ्याकडून ते नकळत झालं, इतकंच. घरी जाऊन चैत्रालीला विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तू इतका खूश होतास, दिवाळीच्या तोंडावर कुठे सांगू.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी

शिबिराच्या स्लाइड करायला लॅपटॉप उघडला. उघडेना. माझ्या नावाने वेगळं खातं आहे म्हणे. जाईने समजावलं: क्लिनिकचा नियम आहे, पेशंटची माहिती असते, त्यामुळे घरातल्या इतरांनी मर्यादित खातं वापरायचं. अ‍ॅडमिन मम्मा. मी फॅमिलीमध्ये. पाहिलं तर माझ्या नावापुढे लिहिलंय: चाइल्ड. जन्मसाल २०१५. जाई म्हणाली, अदरवाइज यू कॅन इन्स्टॉल थिंग्ज, पा. सो डेंजरस लेह.

नियम चांगलाच आहे. सुरक्षेसाठी मीच आग्रही होतो. दिवसाला अर्धा तास मिळतो. त्यात आज शीर्षकाचा फॉन्ट ठरला.

१९ ऑक्टोबर, रविवार. संध्या. ७:४०

शिबिर झालं. फंक्शन रूम भरली होती. दारावरच्या कागदावर मार्गदर्शक: चैत्राली असं होतं. कोणी बदललं ते कळलं नाही, काही बदललंय असं कोणालाच वाटत नव्हतं. तिने एकेकाच्या शेजारी बसून करून दिलं, आधी बॅकअप, मग टीपीएम, मग बाकीचं. कोणाला हसली नाही. एका काकूंनी लॅपटॉपला हळद-कुंकू लावून आणलं होतं, तेव्हा फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं. सगळेच्या सगळे लॅपटॉप झाले. माझ्याकडे एक्स्टेंशन बोर्ड आणि चिवड्याच्या बश्या होत्या. दोन्ही कमी पडले नाहीत.

घरी आल्यावर गरुडझेपचा समारोपाचा अहवाल लिहावा म्हणून लॅपटॉप घेतला. अहवालाशिवाय प्रोजेक्ट बंद करता येत नाही. पहिलं वाक्य अर्धं झालं आणि पडदा म्हणाला, आजची वेळ संपली, अधिक वेळ हवा असल्यास पालकांना विचारा. विचारलं. किचनमध्ये चैत्रालीचा फोन वाजला. ती चकल्या पाडत होती, हात भाजणीने भरलेले. तिने जाईला सांगितलं, तूच बघ गं काय ते.

जाईने फोन उचलून ‘नाही’ दाबलं.

पंधरा मिनिटं दिली असती तरी पुरलं असतं. उद्या सकाळी अर्धा तास पुन्हा मिळतो म्हणे. अभ्यंगस्नानाच्या आधी उठायला हवं.